टॅकोमीटर कपाटात ठेवा

इंजिनिअरिंग कॉलेजला नव्याने शिकवायला लागलं की पहिल्याच टर्मला 'मुलांना मोकळं सोडू या' अशी उबळ येते. मलाही आली होती. मिनी प्रोजेक्टचा विषय मुलांवरच सोपवला, आणि पंधरा दिवसांत पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या तयार किटचे एकसारखे लाइन फॉलोअर (रेषेवरून चालणारे) रोबो टेबलावर हजर. मुलांना काय बोलणार? 'काहीही करा' म्हटलं की माणूस तयार मिळतं तेच उचलतो.

पुढच्या वर्षी उलटं केलं. मशीन्सच्या प्रॅक्टिकलला टेबल फॅन मांडला, फिरण्याचा वेग मोजणारा टॅकोमीटर कपाटात कुलूपबंद केला. जाळी काढायची नाही, काही विकत आणायचं नाही. वेग सांगा.

एका बॅचने फोनवर आवाजाची फ्रीक्वेन्सी दाखवणारं ॲप लावलं. 100 हर्ट्झला उंच सुळका. पाती तीन, म्हणून भागिले तीन, गुणिले साठ: 2000 आरपीएम (मिनिटाला फेऱ्या). मंडळी खूश. मी एवढंच विचारलं, "मोटर किती पोलची?"

"चार, सर."

50 हर्ट्झच्या सप्लायवर चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरची सिंक्रोनस स्पीड, म्हणजे आतलं चुंबकीय क्षेत्र फिरण्याचा वेग, 1500 आरपीएम. फॅनची इंडक्शन मोटर या क्षेत्राच्या मागेच राहते, ती पुढे जाईलच कशी? बराच वेळ कोणी बोललं नाही. (इथे तोंड बंद ठेवणं हे शिकवण्यातलं सर्वांत अवघड काम, मला अजून नीट जमत नाही.) मग एका मुलीने बटण दाबून फॅनचा वेग कमी केला. 100 चा सुळका जागचा हलला नाही. 66 जवळचा बारका सुळका मात्र खाली सरकला. 100 ही मोटरची गुणगुण होती, सप्लायच्या दुप्पट. पात्यांचा आवाज 66 चा, म्हणजे 1320 आरपीएम.

आता मार्कांचं. टर्मवर्कच्या 25 पैकी 10 मी फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदीला ठेवले. खाडाखोड चालेल, फेअर कॉपी नको. स्टाफरूममध्ये 'फाईल घाण दिसते' अशी कुरकुर झाली. तुमच्याकडेही होईल. म्हणून एचओडींना (विभागप्रमुखांना) आधी सांगून ठेवा आणि सिलॅबसच्या प्रयोगांना हात न लावता टर्मला असा एकच प्रश्न घाला. जास्त घातलेत तर सबमिशनच्या आठवड्यात तुम्हीच रडाल.

नोंदीचा आग्रह का, हे मुलांना सांगताना मी सीओईपीच्या (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे) विद्यार्थ्यांनी बनवलेल्या 'स्वयम' उपग्रहाचं नाव घेतो. 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटवरून तो अवकाशात गेला, पण त्यावर विद्यार्थ्यांच्या कित्येक बॅचेस राबल्या होत्या. आधीच्यांचं कुठे अडलं हे लिहिलेलं नसतं, तर पुढच्यांनी सुरुवात कुठून केली असती?

2000 आरपीएमवालं ते पान मी लॅबच्या कपाटात टॅकोमीटरशेजारीच ठेवलंय. नव्या बॅचला दोन्ही दाखवतो, पण प्रयोग झाल्यावर. आणि फॅनचा प्रश्न आता सीनियर्सकडून फुटलाय, तेव्हा यंदा दुसरं काहीतरी शोधायला हवं.