वहीत स्वतःची मजुरी मांडली तेव्हा

पहिल्या वर्षाच्या अखेरीस मी वही मिटली ती खुशीत. बियाणं, खत, ठिबकच्या नळ्या, वाहतूक, सगळं वजा जाऊन बऱ्यापैकी पैसे उरले होते. ज्यांच्या शेतावर मी आधी एक हंगाम शिकायला राबले होते, त्या काकांना ती वही मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "यात तुझी मजुरी कुठे आहे?"

मी म्हटलं, मी घरचीच ना, मला कसली मजुरी? ते म्हणाले, "माझ्याकडे एवढेच तास राबली असतीस तर मी तुला काय दिलं असतं, ते लिही आणि मग वजा कर." त्या रात्री वजा केलं. नफा तर नव्हताच, उलट मीच शेताला पोसत होते.

नव्याने शेतीत उतरणाऱ्यांना मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. पीक घ्यायला शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण तास मोजायला कोणी शिकवत नाही. मी शेडच्या दारालाच एक वही टांगली. कोणता वाफा, काय काम केलं, किती वेळ लागला, एवढंच लिहायचं, आणि त्याच संध्याकाळी. आठवड्याने आठवून लिहायला बसलात तर नावडत्या कामाचे तास फुगतात आणि आवडत्याचे आटतात.

वर्षभरात त्या वहीने मला दोन-तीन धक्के दिले. मला वाटायचं की निम्मा वेळ खुरपणीत जातो. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त तास तोडणी, धुणं, जुड्या बांधणं आणि क्रेट भरणं यात जात होते. म्हणजे मी ज्याला शेती समजत होते ती संपल्यावरच खरं काम सुरू होत होतं. त्यामुळे पैसे आधी घातले ते धुण्याच्या जागेवर: कमरेच्या उंचीचं टेबल, जवळ नळ आणि सावली. कुठल्याही अवजाराने माझे एवढे तास वाचवले नाहीत.

दुसरा धक्का चेरी टोमॅटोचा. माझं लाडकं पीक! एका वाफ्याने पालकाच्या वाफ्याच्या तिप्पट पैसे दिले होते, म्हणून पुढच्या हंगामात वाफे वाढवायचा बेत होता. वही उघडली तर तास लागले होते पाचपट. एकेक फळ खुडायचं म्हणजे दुसरं काय होणार? शिवाय टोमॅटोने वाफा चार-साडेचार महिने अडवला, पालक दीड महिन्यात मोकळा करतो. तेवढ्या काळात पालकाची तीन पिकं निघतात, म्हणजे पैसे तेवढेच आणि तास कमी. अर्थात तिप्पट पालक घेणारं कोणी असेल तर. म्हणून माझ्याकडे पिकाची निवड आता तीन प्रश्नांवर होते: विकलं जाईल का, तासामागे किती सुटतात, आणि वाफा किती दिवस अडतो. किलोचा भाव मी त्यानंतर विचारते.

विक्रीचं म्हणाल तर माझी फजिती मुळ्याने केली. मुळा झटपट तयार होतो, सोपं पीक, म्हणून सहा वाफे एकाच दिवशी पेरले. तयारही एकाच आठवड्यात झाला. दोन वाफे विकले गेले, एक वाटला, बाकीचा फुगून आतून पोकळ झाला आणि खताच्या ढिगात गेला. आता दर दहा दिवसांनी एकेक वाफा पेरते. त्यातही एक मेख आहे. दिवस लहान आणि थंड होऊ लागले की वाढ मंदावते, आणि दहा दिवसांच्या अंतराने पेरलेले वाफे काढणीला त्याहून लांब अंतराने येतात. त्या काळात पेरण्या जवळजवळ कराव्या लागतात. हे मी बियाण्याच्या पाकिटावर कधी वाचलेलं नाही.

साठवणीतही एकदा हात पोळले. शीतखोलीत जागा होती, म्हणून पिकलेले टोमॅटो आणि पालेभाज्या शेजारी शेजारी रचल्या. पालेभाजीला शून्य ते चार अंशांची थंडी मानवते, टोमॅटोला दहा अंशांखालची बाधते. वर पिकलेल्या टोमॅटोतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात. दोन दिवसांत टोमॅटो बेचव झाले आणि पालक पिवळा पडला. वहीत त्या दिवशी तोडणीचे नऊ तास लिहिलेले आहेत.

घसाऱ्याबद्दल, म्हणजे यंत्र दर वर्षी झिजतं त्या खर्चाबद्दल, थोडक्यात. यंत्राची किंमत भागिले ते किती वर्षं टिकेल, अधिक वर्षाची दुरुस्ती, हा त्याचा वर्षाचा खर्च. तो भाड्याच्या खर्चाशी ताडून बघा. मला पॉवर टिलर वर्षातून सहा दिवस लागतो, त्यामुळे तो विकत घ्यायचा मोह मी दर वर्षी आवरते.

आणि उधारी. एका हॉटेलवाल्याने दोन महिने माल नेला, गोड बोलला, आणि पैसे पाचव्या महिन्यात दिले. वहीत नफा होता, पण बियाणं घ्यायला हातात रोकड नव्हती. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या हंगामात कळलं. तेव्हापासून वर्षाच्या सुरुवातीला बारा महिन्यांचा तक्ता आखते आणि पैसे बाहेर कधी जाणार, आत कधी येणार हे महिनावार मांडते. ज्या महिन्यात खड्डा दिसतो, त्याची तजवीज आधीच करून ठेवते.

हिशेबाचा कंटाळा येतो तेव्हा मला योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन हा जुना जर्मन अर्थतज्ज्ञ आठवतो. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमध्ये टेलो नावाची त्याची जमीन होती आणि तिचा तो फार बारकाईने हिशेब ठेवायचा. त्या आकड्यांच्या आधारे त्याने १८२६ मध्ये मांडलं की दूध आणि भाजीपाला शहराला लागून पिकतो, धान्य त्यापलीकडे आणि गुरांची कुरणं सगळ्यात लांब, कारण वाहतुकीचा खर्च आणि नासाडी जमिनीचा नफा खात जाते. एवढं कशाला, माझ्या वहीतही लांबच्या बाजाराचा वार नेहमी तोट्यात दिसायचा, कारण जाण्या-येण्याचे पाच तास मी मजुरीत धरत होते. तो बाजार सोडला, विक्री घटली आणि उरणारे पैसे वाढले.

सुरुवात किती जागेपासून करावी, असं मला नेहमी विचारतात. जेवढ्या वाफ्यांची वही रोज लिहून होईल तेवढ्यापासून. मी दहा वाफ्यांनी केली, आणि तेही मला जास्त झाले होते. पहिली दोन वर्षं दुसरं उत्पन्न सोडू नका.

चेरी टोमॅटोचा एक वाफा मात्र अजून ठेवलाय. तासांच्या रकान्यात तो दर वर्षी नापास होतो. पण तो घ्यायला येणारी माणसं जाताना पालकाच्या दोन जुड्याही नेतात, आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे माझं अजून ठरलेलं नाही.