इजिप्शियन वास्तूंवरून संकल्पचित्र : वर्गात बसण्यापूर्वीची तयारी

इजिप्शियन वास्तुकलेवरून नक्षी काढायची म्हटले की पिरॅमिडचे त्रिकोण आणि एखादा डोळा यांपुढे बहुतेकांचा हात जात नाही. म्हणून कागद घेण्याआधीच आपली नक्षी मूळ वास्तूच्या कोणत्या भागावर असते, खांबाच्या माथ्यावर, भिंतीच्या वरच्या काठावर की छतावर, हे विद्यार्थ्याने निश्चित करावे आणि त्या एकाच भागाची दुरून व जवळून घेतलेली छायाचित्रे सोबत ठेवावीत. इजिप्तमधील कर्नाकच्या मंदिरातील महामंडपात १३४ खांब आहेत. त्यांपैकी मधल्या १२ उंच खांबांचे माथे उमललेल्या पपायरसचे (पाणथळ जागी वाढणाऱ्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीचे), तर बाजूच्या १२२ खांबांचे मिटलेल्या कळीचे आहेत, आणि एवढ्या एका फरकावर संपूर्ण संकल्पचित्र उभे राहू शकते. वनस्पतींच्या जुड्या बांधून उभारलेल्या जुन्या बांधकामाची रूपे इथे दगडात उतरली आहेत, त्यामुळे माथ्याखालचे बांधणीचे आडवे पट्टे गाळू नयेत. भिंतीच्या काठावरची ‘खेकेर’ पट्टीदेखील वर गाठ मारलेल्या जुड्यांचीच रांग आहे.

कमळ निवडल्यास विशेष काळजी घ्यावी. आपला हात रांगोळीतल्या भरदार, गोलसर पाकळ्यांकडे आपोआप वळतो. इजिप्तचे निळे कमळ मात्र अरुंद, टोकदार पाकळ्यांचे असते आणि बाजूने पाहिलेले, पंख्यासारखे उघडलेले दाखवतात. हा आकार कच्च्या कागदावर पुन्हा पुन्हा गिरवून हाताला बसवावा.

साहित्यात कार्ट्रिज पेपर, एचबी पेन्सिल, मोजपट्टी, गुण्या, कंपास, ट्रेसिंग पेपर, पोस्टर कलर आणि एक जाड व एक बारीक ब्रश पुरे. प्राचीन इजिप्तमधील चित्रकारही तांबड्या रंगात भिजवलेली दोरी भिंतीवर ताणून चौकटी आखून घेत, तेव्हा आखणीचा कंटाळा करू नये. ३० सेंमी लांबीच्या पट्टीत ४ सेंमीचे फूल आणि २ सेंमीची कळी असे ६ सेंमीचे एकक बरोबर ५ वेळा बसते. पण फुलाने सुरुवात केली तर दुसरे टोक कळीवर संपते, म्हणून दोन्ही टोकांना अर्धे फूल ठेवावे. एकक एकदा ट्रेसिंग पेपरवर नेमके उतरवले की पुढची पुनरावृत्ती सुकर होते.

रंग आधीच ठरवावेत. गेरूचा तांबडा, मातकट पिवळा, काळा, पांढरा, हिरवा आणि वाळू, चुना व तांब्याची संयुगे एकत्र तापवून तयार होणारा इजिप्शियन निळा एवढ्याच मोजक्या रंगांवर मूळ काम उभे आहे. पोस्टर कलरमधून त्यांच्या जवळच्या छटा मिळतात. प्रत्येक रंग सपाट भरावा, छायाप्रकाश दाखवू नये. बाह्यरेषा सर्वांत शेवटी, रंग पूर्ण वाळल्यावर बारीक ब्रशने काढायची असल्याने तासिकेची अखेरची १५ मिनिटे तिच्यासाठी राखून ठेवावीत.