बाहेरचं तापमान मोजायचंय? आधी भिंत सोडा

वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. बर्फाचा चुरा, तो भिजेल एवढंच पाणी, त्यात सेन्सर बुडवून पाच मिनिटं ढवळा. आकडा शून्यावर आला पाहिजे. फरक असेल तो वहीत लिहा, पुढे तेवढा धरून चला. ही तपासणी दर उन्हाळ्यात करा. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, तो सेन्सरचा बिघाड निघाला.

अवघड आहे ती जागा. "उत्तरेच्या भिंतीला लावा, तिथे सावली असते" हा सल्ला नागपुरात चालत नाही. आपण २१ अंश अक्षांशावर राहतो. मार्चअखेरीपासून सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो आणि उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन पडतं. २६ मेच्या सुमारास शून्य सावली, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो भर दुपारीही किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, ही भिंत उन्हात.

आणि सावली मिळाली तरी भिंत उरतेच. मी दोन उन्हाळे सेन्सर खिडकीच्या गजाला बांधून ठेवला होता. रात्री नऊला ४१ अंश! एकदा भिंतीला तळहात टेकवला तर अजून चटका बसत होता. तोच सेन्सर बांबूला बांधून चार फूट बाहेर काढला, अर्ध्या तासात ३७ वर उतरला. विटा-सिमेंट दिवसभर उष्णता पितात आणि मध्यरात्रीपर्यंत सोडत बसतात. भिंतीला लागून गरम हवेचा थर वर चढत असतो, त्यातून दूर गेलं की सुटका होते. पण भिंतीची धग किरणांनी येते, तिला हवा लागत नाही. म्हणून अंतर हवं आणि आडोसाही हवा.

अंगण असेल तर भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. खाली गवत किंवा माती हवी, फरशी नको. उंची जमिनीपासून दीड मीटर. फ्लॅटमध्ये बाल्कनीतून बांबू मीटरभर तरी बाहेर काढा. दोन ठिकाणी पक्का बांधा, वादळात खाली कोणाच्या डोक्यावर पडायला नको. कूलर आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांबच.

आडोशाला कुंडीखालच्या सहा-सात पांढऱ्या ताटल्या बोटभर अंतर ठेवून एकावर एक बसवा. सगळ्यात वरची अखंड, बाकीच्यांना मधोमध भोक, त्यात सेन्सर. वेधशाळेतली झडपांची पांढरी पेटी हेच काम करते. वारा पडलेला असेल तर कॉम्प्युटरचा छोटा पंखा खालून लावा. त्याने हवा ओढायची, सेन्सरवर फेकायची नाही, नाहीतर मोटारची उष्णता आत येते.

जागा बरोबर आहे का, हे रात्री नऊला पाहा. बर्फात तपासलेला दुसरा सेन्सर अर्धा मीटर आणखी बाहेर लटकवा. दोन्ही आकडे जुळले तर बांबू तिथेच राहू द्या. बाहेरचा कमी दाखवत असेल तर बांबू अजून पुढे सरकवा.