परदेश सहलीसाठी योग्य महिना कसा निवडावा

"जपानला कधी जावं?" असं विचारलं की बहुतेक जण "एप्रिलमध्ये" सांगून मोकळे होतात. चेरीचा बहर बघायचा असेल तर हे उत्तर ठीक आहे. टोकियो आणि क्योटोत तो मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला येतो. पण फुजी पर्वत चढायचा असेल तर एप्रिलमध्ये वाटाच बंद असतात. त्या जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात उघडतात आणि साधारण १० सप्टेंबरला बंद होतात. आणि फुजी चढायचा नाही, नुसता लांबून डोळे भरून पाहायचा आहे? मग हिवाळा गाठा. उन्हाळ्यात तो बहुतेक वेळा ढगांआड असतो.

म्हणून 'अमुक देशाचा उत्तम सीझन' असे तक्ते मी जपूनच वापरतो. ते चुकीचे नसतात, पण तुम्ही तिकडे कशासाठी निघालात हे त्यांना ठाऊक नसतं. महिना ठरवायच्या आधी ते स्वतःशी पक्कं करावं लागतं.

पायरी १: सहलीचं मुख्य कारण एका वाक्यात लिहा

'युरोप बघायचा आहे' हे कारण झालं नाही. 'ध्रुवीय प्रकाश (ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशात दिसणारे रंगीत झोत, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स) बघायचा आहे', 'समुद्रात पोहायचं आहे', 'संग्रहालयं निवांत बघायची आहेत' ही कारणं झाली. असं वाक्य लिहिलं की निम्मं कॅलेंडर आपोआप गळून पडतं.

ध्रुवीय प्रकाशाचंच घ्या. नॉर्वेतल्या ट्रॉमसोत मेच्या २० तारखेपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. आकाश काळोखं झालं नाही तर प्रकाश असूनही दिसणार नाही. म्हणून सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर हा त्याचा काळ. त्यातही ऐन डिसेंबरपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च मला जास्त पटतात: दिवसा फिरायला उजेड मिळतो, रात्री पुरेसा अंधार असतो आणि विषुवदिनाच्या आसपास या प्रकाशाची हालचालही जास्त असते.

काही ठिकाणी एकाच जागेची दोन रूपं असतात आणि तुम्हाला कोणतं हवं ते ठरवावं लागतं. बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान जानेवारी ते मार्चमध्ये पाण्याच्या पातळ थराखाली जातं आणि आभाळाचा आरसा होतं. फोटो बघून जाणारे बहुतेक जण याच आरशासाठी जातात. पण त्याच पाण्यामुळे मैदानाच्या मधल्या निवडुंगांच्या टेकडीपर्यंत गाड्या बऱ्याचदा पोहोचू शकत नाहीत. मिठाची षटकोनी नक्षी बघायची असेल तर मे ते नोव्हेंबरचा कोरडा काळ बरा. आफ्रिकेत झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये झांबेझी नदी दुथडी भरलेली असते, पण तुषार इतके उडतात की समोरचा कडा धड दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कडा नीट दिसतो, मात्र झांबियाच्या बाजूचा बराचसा भाग कोरडा पडलेला असतो.

कारणं दोन असतील तर त्यांतलं पहिलं कोणतं हे आत्ताच ठरवा. दोन्ही एकाच महिन्यात जमतातच असं नाही, आणि घरातल्या चौघांची चार कारणं असतील तर भांडण आधी उरकलेलं बरं.

पायरी २: देश सोडा, नकाशावरचा ठिपका धरा

पहिली गोष्ट सगळ्यांना शाळेपासून माहीत असते, तरी तिकीट काढताना विसरली जाते: विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे असतात. न्यूझीलंड, दक्षिण ऑस्ट्रेलिया, चिली, अर्जेंटिना इथे डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा.

पण एवढ्यावर भागत नाही. ऑस्ट्रेलियात जानेवारीत मेलबर्नला उन्हाळ्याची मजा चालू असते, तेव्हा उत्तरेत डार्विनला धो धो पाऊस असतो आणि मधल्या वाळवंटात पारा चाळिशीत. 'ऑस्ट्रेलिया कधी?' या प्रश्नाला अर्थच उरत नाही. श्रीलंकेचा नैर्ऋत्य किनारा मे ते सप्टेंबर भिजतो, तर त्याच काळात पूर्वेचं त्रिंकोमाली कोरडं असतं. वर्षअखेरीस पाऊस पूर्वेकडे सरकतो. थायलंडमध्ये फुकेत आणि क्राबीचा पावसाळा मे ते ऑक्टोबर, पण थायलंडच्या आखातातल्या को समुईवर सर्वांत जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. दोन्ही बेटांची एकच सहल आखणाऱ्याने हे आधी बघावं.

उंचीही विचारात घ्या. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. नैरोबी विषुववृत्ताजवळ असूनही सुखद आहे ते याचमुळे. ते शहर जवळपास १,८०० मीटरवर आहे.

आणि काही जागा तर पावसाचं गणितच मोडतात. बोत्स्वानातला ओकावांगो त्रिभुज प्रदेश पाण्याने तुडुंब भरतो तो तिथल्या कोरड्या ऋतूत, जून ते ऑगस्टमध्ये. ते पाणी अंगोलाच्या डोंगरांत काही महिने आधी पडलेल्या पावसाचं असतं आणि सावकाश वाहत येतं. आसपासचा मुलूख वाळलेला असतो, म्हणून प्राणी या पाण्यापाशी गोळा होतात. नुसता पर्जन्यमानाचा तक्ता बघणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही.

पायरी ३: हवामानाचे आकडे नीट वाचा

हवामान खाती ३० वर्षांची सरासरी देतात. सध्या १९९१ ते २०२० चे आकडे वापरात आहेत. त्यांतली 'महिन्याची सरासरी' हा सर्वांत निरुपयोगी आकडा. वाळवंटात दिवसा ३० आणि रात्री ५ अंश असतील तर सरासरी १७-१८ येते आणि कपडे दोन्ही वेळा चुकतात. सरासरी कमाल आणि सरासरी किमान वेगवेगळे बघा.

पावसाचे मिलिमीटर बघताना पावसाचे दिवसही बघा. सिंगापुरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, लंडनमध्ये सहाशेच्या आसपास. पण सिंगापुरातली सर बऱ्याचदा दुपारी तासभर कोसळून थांबते. लंडनची रिमझिम दिवसभर रेंगाळू शकते. फिरणाऱ्याला कोणती जास्त त्रास देते हे मिलिमीटर सांगत नाहीत. दमटपणाचा रकानाही सोडू नका. कोरड्या हवेतले ३५ अंश सावलीत निभावतात, दमट हवेतले ३२ जीव नकोसा करतात.

समुद्रात उतरायचं असेल तर पाण्याचं तापमान वेगळं तपासा. पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. भूमध्य समुद्र जूनपेक्षा सप्टेंबरमध्ये जास्त उबदार असतो, आणि तोवर शाळा सुरू झाल्याने किनारेही रिकामे होऊ लागतात.

वादळांचा काळ मात्र सरासरीत दिसत नाही, तो वेगळाच शोधावा लागतो. अटलांटिकमधल्या, म्हणजे कॅरिबियन बेटं आणि फ्लोरिडाकडच्या, चक्रीवादळांचा काळ अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर. सर्वांत जास्त जोर सप्टेंबरच्या सुमारास. जपान, तैवान, फिलिपिन्सकडच्या टायफूनचा मुख्य काळ जुलै ते ऑक्टोबर. त्या महिन्यांत जाऊच नये असं नाही, पण परत न मिळणारं बुकिंग तेव्हा करू नये.

पायरी ४: दिवस किती तासांचा आहे?

हे जवळजवळ कुणीच बघत नाही. लंडनला जूनच्या शेवटी सुमारे साडेसोळा तास उजेड असतो, डिसेंबरच्या शेवटी आठहून कमी. आइसलँडची राजधानी रेक्याविकला डिसेंबरात जेमतेम चार तास. म्हणजे उन्हाळ्यासाठी लिहिलेला पाच दिवसांचा कार्यक्रम हिवाळ्यात उचलला तर निम्म्या जागा अंधारात बघाव्या लागतील. शहर, नाटकं, संग्रहालयं असा बेत असेल तर फारसं बिघडत नाही. गाडीने निसर्ग बघायचा असेल तर सगळंच बिघडतं.

पायरी ५: तेव्हा काय बंद असतं ते शोधा

हवा चांगली आणि दार बंद, असंही होतं. स्वित्झर्लंडमधले फुर्का आणि ग्रिमसेल हे घाट बर्फामुळे साधारण जून ते ऑक्टोबर एवढेच खुले असतात. आइसलँडच्या अंतर्भागातले डोंगरी रस्ते जूनच्या उत्तरार्धाआधी बहुधा उघडत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचा तिओगा घाट नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतो तो मे-जूनपर्यंत. नेदरलँड्समधली क्यूकेनहॉफची ट्यूलिप बाग वर्षातून फक्त आठएक आठवडे, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते. ग्रीक बेटांवर हिवाळ्यात कितीतरी हॉटेलं टाळं लावून बसतात आणि बोटींच्या फेऱ्या कमी होतात. उलट ऐन जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी वारा सुटला की बोटी रद्दही होतात.

उत्तर थायलंडमध्ये, म्हणजे चियांग माईकडे, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर साचतो. हवामानाच्या तक्त्यात हे महिने छान कोरडे दिसतात. दम्याचा त्रास असलेल्याने ते टाळावेत.

ज्या दोन-तीन गोष्टींसाठी जाताय त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर उघडण्याच्या तारखा बघा, इतर कुठेही नको.

पायरी ६: तिथल्या लोकांच्या सुट्ट्या

आपल्या सुट्टीचा विचार सगळे करतात, यजमानांच्या सुट्टीचा करत नाहीत. जपानचा 'गोल्डन वीक' २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपास असतो. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा आणि चांद्र नववर्ष, जे २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान सरकत राहतं. तेव्हा रेल्वेचं तिकीट मिळणं मुश्कील. इटलीत १५ ऑगस्टच्या सुमारास किनाऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते आणि शहरांतली बरीच छोटी दुकानं बंद. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख धरून चालू नका. त्या महिन्यात अनेक देशांत दिवसा उपाहारगृहांचं वेळापत्रक बदलतं. रात्री मात्र तीच शहरं उजळतात, आणि काहींना नेमकं तेच बघायचं असतं.

पायरी ७: बारा रकाने आखा आणि खोडत जा

आता कागदावर बारा महिने लिहा. जे तुम्हाला अजिबात सहन होणार नाही ते आधी खोडा. उकाडा की थंडी, पाऊस की गर्दी, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. सोबत वृद्ध किंवा लहान मुलं असतील तर त्यांचं सहन होणं धरा, तुमचं नाही. मग जे बंद असतं ते खोडा. उरलेल्यांत भाव आणि गर्दी बघून निवडा.

उदाहरणादाखल पेरू. डोंगरातलं इंका लोकांचं जुनं नगर माचू पिचू बघायचं आहे: डिसेंबर ते मार्च पाऊस, आणि फेब्रुवारीत चालत जायची इंका पायवाट दरवर्षी बंद (माचू पिचू स्वतः उघडं असतं). जून ते ऑगस्ट आकाश निरभ्र, पण गर्दी सर्वांत जास्त आणि ३,४०० मीटरवरच्या कुस्कोत रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो. त्यात लिमाही बघायचं असेल तर पंचाईत, कारण किनाऱ्यावरच्या लिमात जून ते सप्टेंबर करडं धुकं असतं आणि ऊन पडतं ते डिसेंबर ते मार्चमध्ये, म्हणजे डोंगरात पाऊस असताना. अशा वेळी पायरी १ कामाला येते. मुख्य कारण माचू पिचू, म्हणून मे. लिमा ढगाळ निघालं तर निघालं.

ऐन हंगामाच्या आगेमागचे आठवडे बहुतेक वेळा सर्वांत फायद्याचे पडतात. भूमध्य प्रदेशात मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध, हे मी कुणालाही डोळे झाकून सांगेन. पण हा नियम सगळीकडे लावू नका. जपानच्या बऱ्याच भागांत जून हा पावसाळा आहे, उत्तरेचं होक्काइडो बेट त्यातून बरंचसं सुटतं.

तारखा आधीच ठरल्या असतील तर

नोकरी-शाळेमुळे बहुतेकांचं असंच असतं. मग प्रश्न उलटा करा: या महिन्यात जगात कुठे चांगलं आहे? जुलै-ऑगस्टमध्ये बाली कोरडं असतं, केनियातल्या मसाई मारात रानगव्यांसारख्या दिसणाऱ्या विल्डेबीस्टचे कळप नदी ओलांडत असतात आणि नामिबिया, बोत्स्वानात प्राणी बघायला उत्तम दिवस असतात. डिसेंबर-जानेवारीत न्यूझीलंड, पातागोनिया (दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक), फुकेतचा किनारा, इजिप्त आणि आखाती देश. एप्रिल जरा अडचणीचा: शहरांना छान, पण आल्प्समधले घाट अजून बर्फाखाली आणि पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस चालू.

बुकिंग करताना

व्हिसाचा कालावधी मागे मोजा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज सहलीच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघू नका. ज्या गोष्टीला हवामानाची साथ लागते ती सहलीच्या पहिल्या दिवसांत ठेवा, म्हणजे ढग आले तर पुढचा दिवस हाताशी राहील. ध्रुवीय प्रकाशासाठी एकच रात्र ठेवणं हा जुगार आहे, निदान तीन-चार ठेवा. निघण्याआधी आठवडाभराचा अंदाज बघा तो बॅग भरण्यासाठी.