भावाच्या कर्जापायी सामाईक घरावर जप्ती आली तर काय करायचं

नोटीस हातात पडली की सगळ्यांचं लक्ष आधी रकमेकडे जातं, पण आधी बघायचं ते नोटीस कोणी काढलीय आणि कुठल्या कायद्याखाली, कारण पुढची सगळी मुदत त्यावर ठरते. बँक किंवा हाउसिंग फायनान्सवाले असतील तर बहुतेक २००२ चा सरफेसी कायदा (गहाण मिळकत कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकायचा अधिकार देणारा), पतसंस्था असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि मागोमाग वसुली अधिकारी, आणि कोणी कोर्टातून हुकूमनामा, म्हणजे पैसे वसुलीचा निकाल, आणला असेल तर दरखास्त (तो निकाल अमलात आणायचा अर्ज) आणि बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस. तिन्हीकडे दाद मागायची जागा वेगळी आहे, त्यामुळे सरफेसीच्या नोटिशीवर दिवाणी कोर्टात धावत जाऊन महिना घालवू नका.

मग दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: सही कोणाकोणाची आहे? कर्ज भावाचं आणि घर चौघांचं, तर गहाणखतावर चौघांच्या सह्या आहेत का, की एकट्याची? बँकेकडे कर्जाच्या कागदांची कॉपी लेखी मागा, स्वतः इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) काढा, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढा, वारसनोंदीचा फेरफार काढा. हे कागद समोर आल्याशिवाय घरात एकमेकांवर ओरडून काहीही हाती लागत नाही.

तुम्ही गहाणखतावर सही केली असेल तर तुमचा वाटा अडकलेला आहे, आणि जामीनदार म्हणून सही असेल तर साधारण पूर्ण रकमेची जबाबदारी तुमच्यावरही येते, नुसती फॉर्मॅलिटी आहे असं त्यावेळी कोणी सांगितलं असलं तरी. पण सहीच नसेल तर भावाला फक्त स्वतःचा वाटा गहाण टाकता येतो, तुमचा नाही. एक अपवाद मात्र खरा आहे, एकत्र हिंदू कुटुंबाच्या कर्त्याने घराच्या खऱ्या गरजेसाठी कर्ज काढलं असेल तर बाकीच्यांचे वाटेही त्यात येऊ शकतात, म्हणून पैसा कुठे गेला हे दाखवणारे कागद शोधा. आणि बहिणींना विसरू नका! हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, नाव कार्डावर लागलेलं नसलं तरी, आणि अशा वेळी हरकत घ्यायला बहिणीचा अर्ज फार कामाला येतो. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो, हे खूप जणांना माहीत नसतं.

सरफेसीत पहिली नोटीस ६० दिवसांची असते. त्या ६० दिवसांत लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत कारणासहित उत्तर द्यावं लागतं. हरकत रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा, मॅनेजरशी फोनवर झालेलं बोलणं पुढे कोणी मानत नाही. ताब्याची नोटीस दारावर लागली की त्यानंतर ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, अर्ज करायचा, आणि हा अर्ज फक्त कर्जदारानेच करायचा असं काही नाही, ज्याचा हक्क दुखावला तो कोणीही करू शकतो. पैसे भरून घर सोडवायचं असेल तर लिलावाची जाहिरात छापून येण्याआधीच भरा, २०१६ च्या बदलानंतर ती रेषा फार कडक झालीय.

कोर्टाच्या दरखास्तीत जप्तीचा हुकूम घरावर चिकटवतात, दवंडीही देतात. इथे तुमच्या वाट्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ रूल ५८ खाली हरकत घ्यायची, ती लिलाव होण्याआधी, उगाच उशिरा घेतली तर कोर्ट ऐकत नाही. कर्जदार शेतकरी किंवा मजूर असेल, स्वतः त्या घरात राहत असेल आणि घर गहाण नसेल तर त्याच संहितेच्या कलम ६० चं जप्तीपासूनचं संरक्षण तपासा. लिलाव झालाच तर ६० दिवसांत वसुलीची रक्कम आणि खरेदीदाराला त्याच्या खरेदीच्या रकमेवर ५ टक्के जास्त भरून तो रद्द करून घेता येतो, आणि हा अर्ज त्या मिळकतीत हितसंबंध असलेले भाऊ-बहीणही करू शकतात. पतसंस्थेच्या बाबतीत हरकत वसुली अधिकाऱ्याकडेच, सहकारी संस्था नियमांतल्या नियम १०७ खाली.

समजा भावाचा वाटा कोर्टाच्या लिलावात गेलाच. तरी एकत्र कुटुंबातला न वाटलेला वाटा घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी सामान घेऊन घरात शिरू शकत नाही, त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो, सुप्रीम कोर्टाने हे १९५३ सालीच सांगितलंय. आणि राहत्या घराच्या बाबतीत त्याने दावा लावला की १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ वापरून कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो वाटा तुम्ही विकत घेऊ शकता. म्हणून तेवढ्या पैशाची तयारी आधीपासून करून ठेवा.

एक गोष्ट अजिबात करू नका: घाईघाईत बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करून भावाचा वाटा वहिनीच्या नावावर टाकणं. जप्तीनंतर केलेला व्यवहार धनकोपुढे, म्हणजे पैसे देणाऱ्यापुढे, टिकत नाही, आणि आधी केलेला सुद्धा बुडवण्यासाठी केला असं दिसलं तर रद्द होतो, वर तुमच्या खऱ्या हरकतीवरचाही विश्वास जातो.

तडजोड जमत असेल तर ओटीएसचं (एकरकमी तडजोडीचं) पत्र लेखी घ्या, त्यात रक्कम, तारखा आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द हवेतच, आणि पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटच्या हातात रोख देऊ नका. सगळं फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. नो ड्यूज मिळाल्यावर कार्डावरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, कमी करायचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.