लॅपटॉप सुरू होत नाही? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

काम करता करता लॅपटॉप अचानक बंद पडतो आणि मग सुरूच होत नाही. अशा वेळी पहिली पाच मिनिटं बहुतेक जण पॉवरचं बटण दाबत राहतात. मीही दाबलंय. बटण दाबून फारसं काही बिघडत नाही म्हणा, पण त्याच घाईत पुढची पावलं पडतात आणि खरं नुकसान तिथं होतं.

"सुरू होत नाही" म्हणजे नेमकं काय, हे न बघणं ही सगळ्यात मोठी चूक. दिवा लागतो का? पंख्याचा आवाज येतो का? कंपनीचा लोगो दिसतो का? कॅप्स लॉकचं बटण दाबून बघा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल, तर मशीन बहुधा जिवंत आहे आणि दुखणं स्क्रीनचं आहे. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरका धरा. लॉगिनचा चौकोन पुसट, धुक्यातल्यासारखा दिसला तर बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) गेलाय, बाकी सगळं ठीक आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून खात्री करता येते. (ब्राइटनेस शून्यावर ठेवून घाबरलेली माणसंही मी पाहिली आहेत. आधी ते बघा.)

काहीच हालचाल नसेल, तर मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला असं लगेच धरून चालू नका. टाइप-सी पोर्टला मोबाईलचा चार्जर लावून वाट बघणारे बरेच असतात. लॅपटॉपला साधारण ४५ ते ६५ वॉट लागतात, २० वॉटच्या चार्जरवर पूर्ण उतरलेली बॅटरी बहुधा उठत नाही. चार्जर बरोबर असेल तर तो काढा, पेन ड्राइव्ह, माऊस, सगळं काढा, बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत अडकून राहिलेला चार्ज निघून जातो. मग फक्त चार्जर लावून सुरू करा. ऐकायला टोटका वाटतो, पण चालतो.

पंखा फिरतोय, स्क्रीन काळी आणि बीप वाजताहेत किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतोय, तर ते मोजा. ती खूण असते. तिचा अर्थ मॉडेलनुसार बदलतो आणि उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत मिळतो. अशा वेळी बऱ्याचदा रॅम (मेमरीची पट्टी) सैल झालेली असते. ती काढता येण्याजोगी असेल, तर बॅटरीचा कनेक्टर सोडवून रॅम काढून पुन्हा घट्ट बसवा.

लोगो येतो आणि पुढे गाडी अडते, किंवा निळी स्क्रीन येते, तेव्हा ठरलेला सल्ला मिळतो: "फॉरमॅट मारून टाक." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. निळ्या स्क्रीनवरच्या कोडचा फोटो काढा. मग विंडोजला स्वतःच्या दुरुस्तीच्या पानावर न्या. लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज १० आणि ११ पुढच्या वेळी आपोआप रिकव्हरीत जातात. तिथं आधी स्टार्टअप रिपेअर, मग नुकतंच आलेलं अपडेट काढणं, मग सिस्टिम रिस्टोअर (विंडोजला आधीच्या तारखेच्या स्थितीत नेणं), मग सेफ मोड (मोजक्याच गोष्टींसह सुरू होणारं विंडोज). रीसेट, म्हणजे विंडोज नव्याने बसवणं, त्यानंतर. आणि "कीप माय फाइल्स" निवडलं तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातातच, हे लक्षात असू द्या.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली होती. मशीन धडधाकट, डिस्क धडधाकट. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवली की ती उठत होती. घाईने फॉरमॅट मारणाऱ्याने त्या दिवशी काय गमावलं असतं, विचार करा.

त्याच वेळी अनेकांना दुसरी अडचण आली, बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागणाऱ्या विंडोजच्या कुलपाची. रिकव्हरीत गेल्यावर ४८ आकडी की (कुलपाची किल्ली) मागितली जाते आणि ती कुठं आहे हेच ठाऊक नसतं. घरगुती लॅपटॉपची की बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, मोबाईलवरून उघडून बघता येते. की हातात नसताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घालू नका. तिथलं सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सोय) बंद केलं तर तीच की मागितली जाऊ शकते. स्टोरेजचा मोड बदलला तर बरं असलेलं विंडोजही "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणत बसतं.

आता माझी स्वतःची चूक. एका जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून आवाज येत होता. टक... टक... थोडा थांबून पुन्हा टक. मी रात्री चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणारं साधन) लावून झोपलो, सकाळपर्यंत दुरुस्त होईल म्हणून. चेकडिस्क पूर्ण तपासणीत डिस्कचा कोपरान् कोपरा वाचायला लावतं. मरायला टेकलेल्या डिस्कला मी रात्रभर पळवलं. सकाळी ती बायोसलाही दिसेना. आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करायचं, डेटा मोलाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायचं. एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) आवाज करत नाही, ती एक दिवस बायोसच्या यादीतून गायब होते. डिस्क दिसतेय, आवाज नाही, फक्त विंडोज उठत नाही, असं असेल तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स (पेन ड्राइव्हवरूनच चालणारी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) टाका, त्यावरून सुरू करा आणि फाइली आधी दुसरीकडे कॉपी करा. दुरुस्तीचे प्रयोग मग.

पाणी किंवा चहा सांडला असेल तर यातलं काहीही करू नका. "चालतोय का बघू" म्हणून बटण दाबणं हाच घात, कारण ओल्या बोर्डात वीज गेली की शॉर्ट होतो. चार्जर काढा, मशीन बंद करा, पालथं घाला आणि उघडून साफ करून घ्या. हेअर ड्रायरची गरम हवा पाणी उलट आत ढकलते.

आणि ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर लावू नका, दाबून बसवू नका, टोचू तर अजिबात नका. ती बदलून होईपर्यंत वरच्या सगळ्या चाचण्या बाजूला ठेवा.