जुना लॅपटॉप, थोडक्या खर्चात

इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप रखडतो तो बहुतेकदा डिस्कमुळेच. म्हणून पहिला खर्च २५६ जीबीच्या २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीच्या) एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर. तिची जाडी साधारण ७ मिमी, खण ९.५ मिमीचा असेल तर प्लास्टिकची चौकट लावा, नाहीतर ती हलून कनेक्टर सैल होतो. बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, साटा मोड ‘एएचसीआय’ ठेवा.

मग रॅम, ८ जीबी पुरते. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, डीडीआर३ची (या लॅपटॉपच्या रॅमचा प्रकार) वापरलेली पट्टी मिळते, पण घेण्याआधी स्टिकर वाचा. ‘पीसी३एल’ १.३५ व्होल्टची, नुसती ‘पीसी३’ १.५ व्होल्टची. चौथ्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपना एलच लागते. दुसरी लावली की स्क्रीन काळी. एल १.५ व्होल्टवरही चालते, त्यामुळे शंका असेल तर तीच घ्या. बदलून देण्याचं आधी ठरवा आणि घरी मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालू द्या.

मुंबईच्या दमट हवेत रॅमचे संपर्क काळवंडतात. चार्जर, बॅटरी काढून पॉवर बटण १५ सेकंद दाबा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबराने सोन्याचा मुलामा झिजतो. पंख्यावर हवा मारताना पाती बोटाने धरा. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच.

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला हा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. त्याऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती उत्तम. तारीख सारखी मागे जात असेल तर सीमॉसची (मदरबोर्डवरची, घड्याळ चालू ठेवणारी छोटी) बॅटरी बदला, नाहीतर बँकेची साइट प्रमाणपत्राची चूक दाखवत राहील.